जाळी कुणाच्या खोलीत?

थोरली : परत मोज. एकशे अठ्ठेचाळीस असूच शकत नाही.

संशोधिका : मोठ्या आजी, तीनदा मोजलं. पट्टा तोच, हात तोच, खुर्चीही तीच.

थोरली : आणि धाकटीचं किती?

संशोधिका : दुसऱ्यांचे आकडे सांगायचे नसतात.

थोरली : सख्खी जाऊ कसली दुसरी! एकशे एकतीस. तीच सांगत फिरते, एकशे अडतीसवरून उतरलं म्हणून. गेल्या वर्षी हृदयाच्या दुखण्यानं दवाखान्यात मी पडले, आणि रक्तदाब उतरतो कुणाचा? तिचा!

संशोधिका : एकीच्या आकड्यावरून काही ठरत नाही, आजी. चाळीस घरांची सरासरी काढायची आहे. खोल्यांत ठेवलेल्या हवा शुद्ध करायच्या यंत्रांपैकी काहींत धूळ गाळणारी जाळी आहे, काहींत नुसता पंखा. कुणाकडे कोणतं, मलाही माहीत नाही.

थोरली : मला माहितीये. दहा दिवसांपूर्वी, रविवारी, दोन्हींची झाकणं उघडली. माझ्यात ठणठणाट. तिच्यात जाळी, रस्त्याच्या धुरानं काळी झालेली. लग्न होऊन आली तेव्हा खिडकीची खोली तिला, सासूबाईंची शेवटची हाक तिला, आता हवासुद्धा तिलाच!

संशोधिका : झाकण उघडणार नाही असं लिहून दिलं होतं ना तुम्ही?

थोरली : सही केली होती. वाचलं कुठं होतं? आणि नुसतं उघडून थांबले नाही मी. बुधवारी ती आंघोळीला गेली तशी यंत्रांची अदलाबदल केली. आठ दिवस चांगलं यंत्र माझ्या उशाशी आहे. मग आकडा का हलेना?

संशोधिका : थांबा, बघते. आजी... यात जाळीच नाहीये.

थोरली : काय? अगं ए धाकटे! आधी इकडे ये!

धाकटी : आले, आले. काय झालं वहिनी? छातीत दुखतंय का?

थोरली : दुखतंय, तुझ्यामुळे. माझी जाळी पळवलीस!

धाकटी : मी? मी तर ती तुमच्याकडे आणून ठेवली. सोमवारी, तुम्ही वाचनालयात गेलात तेव्हा.

संशोधिका : म्हणजे तुम्हीपण उघडलंत?

धाकटी : त्या रविवारी वहिनी माझ्या खोलीतून बाहेर पडल्या आणि बघते तर झाकण तिरकं. नीट लावायला गेले तर आत जाळी. मग यांचं पाहिलं, रिकामं. जिन्यात दोनदा थांबतात हो, धाप लागून. माझं काय, सात आकडे वर काय नि खाली काय.

संशोधिका : सोमवारी तुम्ही जाळी इकडे आणलीत. बुधवारी यांनी ती परत तिकडे नेली.

(थोरली हाताचा पट्टा स्वतःच सोडते.)

थोरली : चोरी करायला गेले आणि दान परत करून आले. धन्य माझी!

संशोधिका : दोघींच्या नोंदी बाद कराव्या लागतील. यंत्रं मात्र महिनाभर राहतील. जाळीचं कुठं ठेवू?

धाकटी : यांच्याकडे.

थोरली : गप्प बस. इथंही मोठेपणा तुलाच का? राहू दे तिच्या खोलीत.

धाकटी : आणि तुम्ही?

थोरली : मी येते तिकडे झोपायला. खिडकीकडची बाजू मात्र माझी.