हळदीची पानं

सगळ्यात आधी कोण आलं, सांगू? शेफालीची माला आणि मालाची लेक. आपल्यातलं कुणीच आलं नव्हतं. बजबजहून लोकल पकडून, बालीगंजला उतरून, चालत. मी रिक्षातून उतरते तोवर दोघी मागच्या रांगेत बसलेल्या. मग आपली सुलभा आली. तिनं मालाला सांगितलं, "जरा खुर्च्या पुसून घे गं." आणि मालानं पुसल्या. स्वतःच्या आईच्या शोकसभेच्या खुर्च्या. आत्ता तुम्ही बसलाय ना, त्याच.

सुलभे, मान खाली घालू नकोस. मी तुझ्याहून वाईट केलंय. तेच सांगायला उभी राहिलेय.

एवढ्या सगळ्यांपुढे मला बोलता येत नाही हो. दुसरीपर्यंत शिकलेली बाई मी. तोंड मात्र चालतं, ते तुम्हाला माहीत आहे. आमची ईशा म्हणते, "आजी, तुला शोकसभेत बोलवायला नको, तू हसवशील." हसवीनही. शेफालीची गोष्ट सांगायची आणि हसायचं नाही, हे जमायचं कसं?

आमचे हे बँकेत. बदली होऊन इथं बंगालात आले, मग मुलगाही इथंच लागला. पहिल्या गणपतीला मी या मराठी मंडळाच्या स्वयंपाकघरात उकड मळत होते. भांडी घासायला एक काटकुळी बाई आलेली. माझ्या हाताकडे बघत उभी राहिली, राहिली, आणि खुदकन हसली. पहिल्याच वाक्यात मला वहिनी करून म्हणाली, "बौदी, हे तर आमचं पुली पिठे!" तांदळाची पिठी, आत नारळ-गूळ, वर वाफ. तिच्या घरी संक्रांतीला करायचे. फक्त लांबट. मी म्हटलं, मग बस की. हात धुऊन बसली. तिसऱ्या मोदकाला तिच्या कळ्या माझ्यापेक्षा बारीक! एकवीस कळ्यांचा मोदक, आणि शेंडा असा, की हात लावायला जीव होऊ नये. मला इतका राग आला म्हणून सांगू! आणि इतका आनंद.

तेव्हापासून सव्वीस गणपती. सव्वीस. ती माझ्या डाव्या हाताला, मी तिच्या उजव्या. आमची ईशा तिच्या मांडीवर बंगाली शिकली. मराठीत अडखळते आणि मासेवाल्याशी भांडते ती शेफालीसारखी, कमरेवर हात ठेवून. मग सांगा, माझी नात कुठली?

आणि हळदीची पानं. मोदकाखाली हळदीचं पान हवं, नाहीतर तो मोदक कसला? इथं बाजारात कुठं मिळायची? शेफालीनं बजबजच्या अंगणात गड्डा लावला. दरवर्षी ओल्या फडक्यात गुंडाळून पानं आणायची. तुम्ही सगळ्यांनी तो वास घेतलाय.

गेल्या वर्षी मात्र हवा बदलली. कोण इकडचं, कोण तिकडचं, कुणाकडे कुठला कागद. लिफ्टमध्ये तेच, भाजीवाल्यापाशी तेच. शेफाली लहान असताना बापाच्या खांद्यावर बसून ओपारहून आलेली. सीमेपलीकडून. एवढंच तिला आठवायचं, की बापाच्या डोक्याला तेलाचा वास होता. त्या वासाचा कागद कोण देणार?

श्रावणात ती माझ्याकडे आली. खाली बसली नाही. म्हणाली, "बौदी, चौकशीला कागद मागतात. तुमच्या मंडळाचं एक लिहून देता? की शेफालीला आम्ही इतकी वर्षं ओळखतो. बास, एवढंच."

मी म्हटलं, "त्यात काय मोठंसं! आणते."

जयंताला सांगितलं. तो आपला सचिव. तो म्हणाला, "काकू, उगीच कशाला आपण त्यात पडायचं? आपणही इथं बाहेरचेच. आणि यंदा तिला स्वयंपाकघरात नकोच. उद्या कुणी विचारलं तर?" जयंता, तुझ्यावर ढकलत नाहीये मी. तू म्हणालास, आणि मला बरं वाटलं. खरं सांगते. माझ्या मनातलंच बोललास. मुलाची नोकरी, नातीचा पासपोर्ट... भीतीला काय, कारणं पुष्कळ.

पण शेफालीला सांगायचं काय? "आम्हाला भीती वाटते" असं सांगायचं? मग मला सोवळं आठवलं.

हो. मला सोवळं आठवलं. सव्वीस वर्षं जे आठवलं नव्हतं, ते आठवलं. तिला फोन केला, गोड आवाजात म्हटलं, "शेफाली, यंदा नैवेद्य सोवळ्यात करायचं ठरलंय गं. घरच्याच बायका. तू विश्रांती घे." देवाच्या नावावर घातलं. माझी भीती मी गणपतीच्या गळ्यात बांधली.

ती म्हणाली, "आच्छा बौदी."

आणि चतुर्थीच्या सकाळी आली. या दारात. हा उंबरा ना, त्याच्या बाहेर उभी राहिली, आत पाऊल टाकलं नाही. हातात ओलं फडकं. म्हणाली, "पानांना तर सोवळं लागत नाही ना, बौदी?"

मी पानं घेतली.

मी ती पानं घेतली हो! "आत ये" म्हणायला किती वेळ लागतो? दोन शब्द. माझ्यासारख्या बडबड्या बाईला ते दोन शब्द आले नाहीत. ती नेहमी निघताना "आशी" म्हणायची. आपण "येते" म्हणतो ना, तसंच. मी म्हणायचे, "ये." त्या दिवशी तिनं "आशी" म्हटलं नाही. वळली आणि जिना उतरली.

मोदक त्या वर्षी फुटले. निम्मे. तुम्ही म्हणालात, पिठी जुनी होती.

मंडळाचा कागद निघाला नाही. तिनं परत विचारलंही नाही. कागदापायी ती गेली, असं मी म्हणणार नाही. ताप आला, छातीत कफ भरला, गेली. तो कागद असता तर काय उपयोग झाला असता, मला अडाणी बाईला ठाऊक नाही. पण तिनं मागितला होता आणि मी "आणते" म्हटलं होतं.

आता माझं ऐका. माझा जन्म कराडजवळच्या खेड्यात. तारीख कुणाला माहीत? आई म्हणायची, भुईमूग काढत होते तेव्हा. मास्तरांनी शाळेत घालताना एक जून लिहिली. वर्गातल्या निम्म्या पोरांची एक जून! दरवर्षी ईशा त्या दिवशी केक आणते, मी फुंकर मारते, टाळ्या होतात. सगळी खोटी तारीख. आणि उभ्या आयुष्यात मला एकानंही विचारलं नाही, की बाई, तू खरी कुठली? मला का नाही विचारलं? तिलाच का?

हा समोर फोटो आहे ना, तो मालानं आणलाय. मी आपल्या मंडळाचे सगळे फोटो काढून बघितले. आरतीचे, पंगतीचे, नाटकाचे. एकातही शेफाली नाही. ती आत असायची ना. हा फोटो तिनं त्या कागदांसाठी काढला होता. बघा कशी बघतेय. सव्वीस वर्षांत मी तिला घाबरलेली पाहिली नव्हती.

आता मालाचीही चौकशी आहे, तू कुठली म्हणून. तिनं मघाशी मला विचारलं, आईसारखंच, उभ्या उभ्या, लेकीच्या नात्यानं मला आजी म्हणत: "दीदा, तो कागद आता मिळेल?" मी या वेळी "आणते" म्हटलं नाही. म्हटलं, सगळ्यांसमोर विचारते.

जयंता, विचारतेय. तू लिही. कामाला होती, वगैरे नको. लिही, की शेफालीला आणि तिच्या मालाला आम्ही ओळखतो. खाली पहिली सही माझी. वाकडी येते, पण येते. ज्याला भीती वाटते त्यानं करू नये. मी त्याला नावं ठेवणार नाही, मी कोण ठेवणारी? आणि माला, तू पुढं ये बाळ. ही खुर्ची तुझी. सुलभा पुसेल.

आता सगळे उभे राहा. दोन मिनिटं कुणी बोलू नका. मीसुद्धा नाही बोलणार. शेफाली, तुझ्यापुढे ही बौदी प्रथमच गप्प बसतेय. तुला नमस्कार गं.

आणि हो, बसण्याआधी ऐकून ठेवा. या दोघी पुन्हा येणार आहेत. माला म्हणालीय, शनिवारी, सकाळच्या लोकलनं, कागदासाठी. मी उंबऱ्याशी उभी असेन.