आंबट-गोड सॉस आणि बाबांची शुगर

अरे, आमच्या बेलवलीच्या घरात महिनाभर साखर बंद, तरी बाबांची शुगर वाढलेलीच. आई चक्रावली. मग मला फ्रिजमध्ये आंबट-गोड सॉसची बाटली दिसली, जवळजवळ संपलेली. बाबा तो घावनापासून भाकरीपर्यंत सगळ्याला लावत होते.

मी लेबल वाचलं. "बाबा, यात पाण्याखालोखाल साखरच आहे."

"व्हिनेगर पण आहे ना?" बाबा शांतपणे म्हणाले. "आमटीत गूळ जास्त पडला की तुझी आई चिंच टाकते. आंबट गोडाला मारतं."

आई ओट्यापाशी ऐकत होती. संध्याकाळी बाबांच्या ताटात भाकरी आणि नुसतं कारलं.

"हे काय?"

"महिनाभराचं गोड पोटात आहे ना," आई म्हणाली. "आता महिनाभर हे खा. कडू तर गोडाला आणखी मारतं."