टोपीतले आठ टालर

लाइपझिगच्या त्या सराफाच्या दारात रांग लागली होती. बाळ नुकतंच खांद्यावर झोपलं होतं, म्हणून मी जागची हलत नव्हते. माझ्या पुढे एक म्हातारं जोडपं होतं. म्हाताऱ्याने दिलेली थैलीभर नवी नाणी सराफाने घासून पाहिली आणि परत सरकवली.

"तांबं आहे, आजोबा. वर चांदीचा नुसता मुलामा. तांब्याच्या भावाने घेईन."

"ऐकलंस, ओटिली? आपले आठ जुने टालर गेले! अस्सल चांदीचे, पोरीच्या लग्नासाठी ठेवलेले! मीच म्हणालो होतो, बदलून आण, एकाला सहा नवी मिळतायत."

"म्हणालात खरं."

"रविवारी लग्न! व्याह्यांना काय तोंड दाखवू?"

"आहे तेच दाखवा. आणि ओरडू नका, मागे बाळ झोपलंय."

"तुला काहीच कसं वाटत नाही गं?"

"अहो, टालर घरीच आहेत. पोरीच्या बाप्तिस्म्याच्या टोपीत शिवून ठेवलेत."

"बदललेच नाहीस?"

"एकाला सहा कोण देतं हो फुकट? मला नाही पटलं."

"देवा! पण मग ही नाणी कुठून आली?"

"टांकसाळीची माणसं दारोदार तांबं विकत घेत हिंडत होती ना."

"कुठलं तांबं?"

"तुमचा बिअर उकळायचा हंडा. त्याचे पैसे त्यांनी याच नाण्यांत दिले."

"तो चोरीला गेला म्हणालीस! वर्षभर मी शेजारच्या मेल्खिओरशी बोललो नाहीये!"

"आता बोला. लग्नाला बोलवायचंच आहे त्यांना."

 म्हाताऱ्याने थैली पुन्हा सराफापुढे ढकलली.

"तोला हो. बघू, हंडा पुरता परत येतोय का."