पुसणारी

— नको, तिथं नको, त्या मॅटवर बस. उभ्यानं बोलायचं नाही, मला मान वर करून बोलायची सवय नाही. आणि दार थोडं ओढून घे – पूर्ण नको लावू, पोरं मैदानावर थांबलीत, त्यांना मी दिसलो पाहिजे. हं. टेक की भिंतीला. नाही टेकवत? दुखतंय अजून? बरं, नको टेकू. सामानाची खोली आहे ही, दिवाणखाना नाही – इकडे हवा गेलेले फुटबॉल, तिकडे उंच उडीचे खांब, आणि मधे तुझ्या पेंटबॉल क्लबचे मास्क. तुझाच म्हणायचा ना क्लब? सगळी शाळा म्हणते, मग मी कशाला वेगळं म्हणू. मी आपला पुसत बसलोय. खेळाचे सर म्हणून नेमलं मला या हायस्कूलनं, आणि काम काय, तर लोकांच्या पोरांची थुंकी पुसायची. हा बघ, काचेच्या आत नुसतं चिकट झालंय. तूही एक फडकं घे. नको? राहू दे, नको घेऊ. हात जोडून बस माझ्यापुढे, तेही चालेल.

तू काय बोलणार ते मला माहीत आहे, म्हणून आधी मी बोलतो. काल काय झालं? काल सराव सामना झाला, मुख्याध्यापिका बाई स्वतः खुर्ची टाकून बसल्या होत्या, माझ्या शेजारी. उद्या समोरच्या शाळेशी मॅच, म्हणून बघायला आल्या होत्या. शेवटचा डाव. तू ड्रमच्या आडून निघालीस, झेंड्याकडे पळालीस, आणि दोघांनी दोन बाजूंनी तुला टिपलं – मी पाहिलं, बाईंनी पाहिलं, टायरांच्या राशीमागच्या सगळ्यांनी पाहिलं. एक दंडावर, एक बरगडीत. तू नुसती कळवळलीस. आणि हात? हात कुठं वर केलास? तशीच पळालीस आणि झेंडा उचललास. नियम कुणाचा? माझा? फळ्यावर तुझ्याच अक्षरात आहे अजून – अंगावर गोळी फुटून रंग लागला की आपला आपण हात वर करायचा आणि बाहेर पडायचं. पंच नाही, कुणी सांगायचं नाही, आपला आपण. काय भाषण ठोकलं होतंस तेव्हा, म्हणे हा खेळ प्रामाणिक माणसांचा आहे, लागल्याचं ज्याचं त्याला कळतं. आणि लागल्यावर गुपचूप रंग पुसून खेळत राहणाऱ्याला नावही तूच दिलंस. पुसणारा. मी फक्त शिट्टी वाजवली आणि तुझंच नाव तुला दिलं. पुसणारी. आवडलं नाही?

तुला शिंगं फुटली होती, बाळ. मला वाईट वाटतं सांगताना – नाही, खोटं कशाला बोलू, अजिबात वाईट वाटत नाही. नववीत होतीस, तीन मैत्रिणींना घेऊन माझ्याकडे आलीस, सर, आपल्याकडे पेंटबॉलचा क्लब काढायचाय. मी हसलो. कुणीही हसलं असतं. मग तू माझ्या डोक्यावरून बाईंकडे गेलीस, आणि बाई हो म्हणाल्या, फक्त एक मोठं माणूस पाहिजे जबाबदारीला, म्हणून परत माझ्याकडे. म्हणजे मी कोण? सही करणारा आणि शिट्टी वाजवणारा. मागची पडीक जागा तुम्ही साफ केलीत, बसगाड्यांच्या आगारातून फेकलेले टायर गडगडत आणलेत, ड्रम रंगवलेत, सगळं कौतुकाचं. मी नाही म्हणतोय का? पण मग वर्गावर्गांतून पोरं यायला लागली. ज्या पोरांना मी पाच वर्षं हाकारून हाकारून थकलो, पोटात दुखतंय, पायात काटा आहे, बूट विसरलो म्हणायची – ती पोरं शाळा सुटल्यावर रांगेत. कुणासाठी? मी पळा म्हणालो की आधी तुझ्याकडे बघायची, तू मान हलवलीस की पळायची. एवढीशी मान हलवायचीस तू, कुणाला दिसणार नाही इतकी. मला दिसायची.

आणि पहिल्या दिवसाचं आठवतंय का तुला? असेलच आठवत. तूच म्हणालीस, सर तुम्हीपण या, मास्क घाला, मजा येईल. आलो. माणूस एकदा हौसेनं येतो. आणि तू मला टिपलंस, या इथं, बाहीवर. आता चिखलाचं मैदान, बाही मळलेलीच होती, मी आपली सहज झटकली – चिखल होता म्हणून झटकली, कळलं ना, चिखल – आणि पुढे निघालो, तर तू आडोशातून उभी राहिलीस. मास्क वर केला नाहीस, आवाज चढवला नाहीस. नुसतं म्हणालीस, सर, हात. सगळी पोरं थांबली. आठवी-नववीची पोरं, त्यांच्यासमोर मी, या वयात, हात वर करून मैदानाबाहेर चालत गेलो. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं, मी दोन थोबाडीत ठेवून दिल्या असत्या आणि विषय संपला असता. सगळे असे शहाण्यासारखे बघत होते. तू नंतर पाणी आणून दिलंस. ते पाणी मी प्यायलो, हे मला अजून कळत नाही, का प्यायलो मी.

म्हणून नाही गं. त्याचा काही संबंध नाही. उगाच तसं तोंड करू नकोस. कालचं काल, तेव्हाचं तेव्हा. काल शिक्षा झाली ती नियमानं झाली. हो, तुझा नियम एक मॅच बाहेर बसवायचं असा होता, मान्य. तो बदलला मी. पुसणाऱ्यानं भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं आणि प्रत्येकानं पाठीत एकेक गोळी मारायची. प्रत्येकानं, म्हणजे कुणी एक वाईट होत नाही, सगळे सारखे. पोरांना शिस्त अशीच लागते. आणि मारली की नाही त्यांनी? तुझ्याच पोरांनी. आधी पाय ओढत होती, मग चौथ्या-पाचव्यानंतर नेमसुद्धा धरायला लागली. शेवटी तुझा धाकटा भाऊ. त्याची बंदूक वर होईना, मीच कोपर धरलं मागून. तुझी मात्र कमाल, भिंतीला कपाळ लावून उभी. वाटलं होतं रडशील. आणि मग घरी जाऊन आईला सांगितलंस म्हणे. काय सांगितलंस? सरांनी पोरांकडून रंगवून घेतलं? अगं, रंग कुठला, एक ठिपका तरी पडला का तुझ्या शर्टावर? आईला धुवायलासुद्धा लागला नसेल. जसा घालून आलीस तसाच कोरा घालून गेलीस की घरी, एवढ्या जणांनी मारूनही –

असं काय बघतेस?

म्हणजे, थांब. मला म्हणायचं होतं की काही विशेष – हे काय काढतेस पिशवीतून? शर्ट? कालचा? ठेव आत. ठेव म्हणतो ना. दिसतोय मला. कोपराला चिखल आहे, गळ्याला घाम आहे. दंडावर काही नाही. बरगडीशी काही नाही. पाठ उलटी करून दाखवायची गरज नाही, मी होतो तिथं, पाठही कोरी आहे. घडी घाल आणि ठेव.

हुशार आहेस. म्हणजे तू भांडायला आलीच नव्हतीस, हा शर्ट माझ्या मांडीवर टाकायला आली होतीस. ठीक आहे. मग सरळच बोलू या, दोघंच आहोत. फुटली नाही तर लागली नाही, बरोबर? रंग नाही म्हणजे तू बाद नाहीस, म्हणजे हात वर करायचं कारण नव्हतं, म्हणजे झेंडा तुझा आणि डाव तुझा. मला माहीत आहे. काल सकाळीच माहीत होतं. खोक्यातली एक गोळी बोटांत दाबून पाहिली मी, नुसता खडा. गेल्या वर्षीच्या आहेत त्या, खाली जमिनीवर ओल धरून बसलेल्या, फुगल्या, मग वाळून कडक झाल्या. नवी खोकी मी उद्यासाठी ठेवली, पाहुण्या शाळेपुढे शोभा नको. म्हटलं, सरावाला चालतील याच. आणि तू हात वर न करता पळालीस तेव्हा – खरं सांगू? – मला त्याच क्षणी कळलं की फुटली नसणार. तू हात वर केला नाहीस म्हणजे फुटली नसणार, इतका विश्वास आहे माझा तुझ्यावर. शाळेत दुसरं कुणी पोर नाही असं. शिट्टी तोंडात होती माझ्या. वाजवणार नव्हतो. पण बाई माझ्याकडे वळल्या आणि म्हणाल्या, या पोरीनं काय उभं केलंय हो सर, अगदी एकटीनं. मला सांगतात. माझ्या मैदानावर, मला. मग वाजवली.

दुखलं असेलच. फुटणारी गोळी निम्मा मार स्वतः खाते, न फुटणारी सगळा तुम्हाला देते. डॉक्टरकडे गेलीस का? नाही ना. मग नको जाऊ, आठवडाभरात काळं-निळं पिवळं होतं आणि जातं.

आता ऐक, कारण पोरं कंटाळलीत, एकमेकांना ढकलायला लागलीत बघ. तुला वाटतंय हा शर्ट घेऊन बाईंकडे जायचं. जा. बाई मला विचारतील, गोळ्या खराब कशा झाल्या? मी काय सांगणार? या खोलीची किल्ली दोघांकडे. एक माझ्याकडे आणि एक तुझ्या भावाकडे. तूच ठेवलंस त्याला या कामाला, आठवतंय, म्हणालीस लाजरा आहे, जबाबदारी दिली की धीट होईल. खोकी जमिनीवर ठेवली त्यानं. काल बंदुकांवरचे गोळ्यांचे डबे भरले त्यानं. मी सांगितलं म्हणून भरले, पण ते त्याला बोलता येणार आहे का बाईंसमोर? त्याला स्वतःचं नाव नीट सांगता येत नाही कुणी मोठ्यानं विचारलं तर. कडक गोळ्या भरून मुलांना दुखापत केली, हे शाळेत राहतं नावापुढे, पुसलं जात नाही. आणि त्यानं स्वतःच्या बहिणीच्या पाठीत मारलीय त्यातली एक, ती कसली होती हे अजून त्याला माहीत नाही. कोण सांगणार त्याला, तू सांगणार? का मी सांगू? आत्ता बोलावतो. तो काय, त्या कडेला उभा आहे, बुटाच्या लेसशी खेळतोय.

नको ना. मग नको.

अगं, मी काही राक्षस नाही. मलाही उद्याची मॅच जिंकायची आहे, आणि तुझ्यावाचून ती जिंकत नाही कुणी, एवढं मला कळतं. तू फक्त बाहेर जायचं, सगळ्यांपुढे उभं राहायचं, आणि म्हणायचं, काल मला लागली होती, मी पुसलं. बस. दोन वाक्यं. म्हणजे शिट्टी बरोबर ठरते, भिंत बरोबर ठरते, पोरांच्या मनातलंही ओझं जातं – त्यांनी तुला उगाच मारलं असं कळलं तर ती पोरं पुन्हा बंदूक धरतील का, सांग. क्लब मोडेल. तू उभा केलेला क्लब. तू म्हणालीस की सगळं मिटलं, भावाचं नाव निघत नाही, आणि उद्या तूच कॅप्टन. माझा शब्द. आहे कबूल? मान तरी हलव. तुला येते ना, ती एवढीशी मान हलवता.

हां. आली कळायला.

डोळे कोरडे कर आधी. फडकं नको ते, थुंकीचं आहे. बाहीनं पूस. चल. शर्ट राहू दे इथं, मी बघतो त्याचं. अशी पुढे हो, मी दारात थांबतो.

ए, शांत. शांत रे सगळे. हिला काहीतरी बोलायचंय. टायरांवरून खाली उतरा, माणूस बोलतंय. तू लेस सोड आणि बहिणीकडे बघ. बोल गं.

…मोठ्यानं. मागच्यांना ऐकू गेलं नाही.

…आणि दुसरं वाक्य?

हं. ऐकलंत सगळ्यांनी? चुकली, कबूल केलं, विषय संपला, आता कुणी तिला चिडवायचं नाही. चला, मास्क घ्या आपापले, पुसून ठेवलेत आत, आज नवी खोकी फोडू या. दोन रांगा करा. – तू नाही गं. तू कुठं रांगेत येतेस. पुसणाऱ्यांना मी उद्या कसा खेळवणार, बाई काय म्हणतील मला. किल्ली भावाकडेच राहू दे, त्याचं काम चांगलं आहे. तू घरी जा.