पलीकडची ओली माती

रत्नागिरीच्या एसटी स्टँडवर, तिकिटाच्या रांगेत माझ्यापुढे दोघं बोलत होते.

"जमालचाचा, टेनिस क्लबातली नोकरी सोडलीत म्हणे?"

"सोडली, महिपत. दहा वर्षं कोर्टावर पाणी मारलं, रूळ फिरवला."

"इंग्रज गेल्यावर डॉक्टरांनीच ना तो क्लब गावाला खुला केला?"

"होय तर! कुणीही यावं, खेळावं, म्हणून. पण माझ्याशी कोण मेंबर खेळणार? मग सगळे यायच्या आधी, सकाळी डॉक्टरच खेळायचे. हरले की हसायचे."

"आणि डॉक्टर वारल्यावर?"

"दुसऱ्या दिवशी सवयीनं पाणी मारलं, चुन्याच्या रेघा ओढल्या. रॅकेट घेऊन माझ्या बाजूला उभा राहिलो. ऊन चढलं, तरी पलीकडच्या ओल्या मातीवर एक पाऊल उमटलं नाही."