नारळाआधी पाणबुडी नाही

पनवेल स्टँडवर उरणच्या एसटीच्या रांगेत समीक्षाने कान टवकारले. पुढे कॉलेजातली दोघं भांडत होती.

“शैलेश, आपल्या युद्धाच्या गेममध्ये तू घातलेल्या जपानी पाणबुड्या जुलैभर बंदरातच बसतात!”

“पावसाळा हाय.”

“अरे, त्या पाण्याखालून जातात!”

“तरी पन. नारळी पुनवेला दर्याला नारळ दिल्याबिगर आमची होडी निघत नाय.”

“त्या जपानी आहेत.”

“दर्या तोच हाय.”

“उद्या गेम सरांना दाखवायचाय. तुला ग्रुपमधून काढतील.”

“काढू दे. नारळाबिगर मी पाणबुडी सोडणार नाय.”

रांग दोन पावलं सरकली.

“बरं, लढाई पौर्णिमेनंतर ठेवू. जपानी कॅप्टन नारळ टाकताना टोपी काढेल की घालूनच टाकेल?”