काकांच्या हातचं शुद्ध पाणी

बोअर कुठे मारायचं ते काका ठरवणार, आणि काकांना 'का' असं विचारायचं नाही! झालं, संपलं! हा आमच्या घरातला कायदा. तुम्हाला सांगते, मी भूजलशास्त्र शिकले, कॉलेजात सगळ्यांना 'का, का' विचारून भंडावून सोडलं, त्याचे वर मार्क मिळवले, आणि घरच्या धंद्यात आले तर काय? विचारायचं नाही!

आता काम काय, तर एक बंद पडलेला पेट्रोलपंप. जमिनीतल्या टाक्या गंजलेल्या. त्या गळल्यात का, पेट्रोल खालच्या पाण्यात उतरलंय का, हे बघायचं. जागामालकाला तिथे इमारत बांधायचीय. पंपामागे उतार, उताराखाली घरं, त्यातलं एक माझ्या आत्याचं. आत्याचा रोज फोन, "अगं, बादलीत रंगीत तवंग येतोय, चहालासुद्धा वास!" काका म्हणाले, "तिला लहानपणापासून सगळ्यालाच वास येतो." सख्खी बहीण हो यांची! आणि मालक म्हणतो, "तिच्या विहिरीचं पाणी मला दाखवू नका, रॉकेल तिनंच सांडलं असेल. माझ्या जागेतलं दाखवा!"

तर मी सांगितलं, "काका, टाक्यांच्या खालच्या अंगाला, उताराकडे बोअर मारायचं. जाळीचा पाइप सोडायचा, साचलेलं पाणी उपसून टाकायचं, मग ताजं पाणी बाटलीत घ्यायचं." काका हसले. "पोरी, तुझ्या जन्माआधीपासून बोअर मारतोय." यात हसण्यासारखं काय होतं? विचारायचं नाही!

बोअर मारलं. सांगितलं तिथेच मारलं, बरं का! मी जरा आत्याकडे जाऊन आले... येऊन बघते तर बोअर गायब! जमीन सपाट! आणि माझे सख्खे वडील पायानं माती दाबतायत! "अहो बाबा, बोअर कुठंय?" तर काका पुढे आले, तोंड असं उतरलेलं, जशी काही सोयरीक मोडलीय. "फुकट गेलं गं. नुसता पेट्रोलचा भपकारा! माझ्या बोअरला असलं पाणी लागलं, हे चार लोकांत कळलं तर तोंड दाखवायला जागा उरायची नाही. बुजवून टाकलं."

अहो, तेच तर हवं होतं! जन्मात पहिल्यांदा या माणसाला घाण पाणी शोधायला बोलावलं, ते पहिल्या फटक्यात सापडलं, आणि याला लाज वाटली!

पुढे ऐका... दुसरं बोअर फाटकापाशी, चढावर. का? विचारायचं नाही! पाणी लागलं काचेसारखं. त्यात काकांनी मूठभर ब्लीचिंग पावडर टाकली, "नव्या बोअरला टाकतातच!" बाबा गहिवरले, "दादाच्या हाताला यश आहे." मालक तर ओंजळ पसरून उभा, "वा वा, ताई, भरा बाटली!" म्हणणारच की! टाक्यांपर्यंत पोहोचायच्या आधीचं पाणी ते, स्वच्छ नसेल तर काय! चोरी मागच्या दारी आणि पंचनामा पलीकडच्या गल्लीत!

काकांनी बाटली माझ्या हातात दिली. "भर."

"नाही भरणार."

"मोठ्यांना उलट उत्तर?"

बाबा कुजबुजले, "अगं, भर ना, दादाचा मान..."

"बाबा, ही बाटली भरली की सगळं ठीक ठरणार. मग आत्यानं तेच पाणी प्यायचं, तिच्या नातवंडांना पाजायचं, आणि वास आला की गप्प बसायचं! तुम्हा दोघांच्या नाकात गेलेला वास तुम्ही मातीखाली दाबलात, हे तिला कोण सांगणार? थोरला भाऊ की धाकटा? मी नाही भरणार! बुजवलंत तिथेच पुन्हा मारा बोअर. आणि का, ते विचारा मला. विचाराच!"

कुणी विचारलं नाही. काका गप्प. बाबा गप्प. मालकानं ओंजळ हळूच विजारीला पुसली.

जिंकले असं वाटलं हो मला! पण गप्प म्हणजे किती गप्प... उन्हं कलली, तरी तिघंही तोंड मिटून बसलेत. बोअरच्या गाडीची किल्ली काकांच्या खिशात, आणि काका माझ्याकडे बघायलासुद्धा तयार नाहीत... आता मला सांगा, किल्ली मागायची कुणाकडे?